चार ओळी वरच्या, चार ओळी खालच्या

मंडळीतले किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. ते आपोआप साठतात. कपाटावर रिकाम्या पिशव्या साठतात ना, तसे. एक काढायला जावं आणि सगळा ढीग अंगावर यावा! परवा उपासना संपल्यावर आम्ही पाचसहा जण चहाचे कप घेऊन शेडच्या बाहेर उभे होतो. कुणीतरी नुसतं ‘वाईची ट्रिप’ म्हणालं आणि दानियल मास्तरांना असा ठसका लागला की चहा नाकातून बाहेर आला. मग एकामागून एक सुरूच झालं.

आज हसतोय. मधलं वर्ष-दीड वर्ष आमच्यातलं कुणीच हसत नव्हतं, हेही सांगून टाकतो.

आधी ओळखी. आमची मंडळी म्हणजे सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी जमणारी तीस-पस्तीस ख्रिस्ती घरं. कुणी लेथवर, कुणी फौंड्रीत, कुणी पॅकिंगला. मी शमुवेल. आठवड्याचे सहा दिवस एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर आणि सातव्या दिवशी मंडळीचा सेक्रेटरी. आमचे पास्टर तेहतीस वर्षांचे, आवाज खणखणीत, इस्त्री कडक. आणि शांताआत्या. माझी सख्खी आत्या. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत नर्स म्हणून जन्म गेला तिचा. माझी आई लवकर गेली, मला वाढवलं ते हिनं. तिला दोन गोष्टी जन्मात जमल्या नाहीत: हळू बोलणं आणि अर्धवट वाचणं.

पास्टरांच्या बायबलमध्ये घडी घातलेली एक झेरॉक्स असायची. वर ठळक अक्षरांत ‘अधिकाराची वचने’. खाली वीस-बावीस ओळी. प्रत्येक ओळ सुटी, मागचं पुढचं काहीच नाही! ट्रेनिंगमध्ये मिळाली होती म्हणे. मंडळीत कुणी काही विचारलं, की झेरॉक्स बाहेर.

*

तर ती ट्रिप.

वाईला जायचं, कृष्णेच्या घाटावर बसून डबे खायचे, असा साधा बेत. टेम्पो ट्रॅव्हलर केली. पास्टर पुढे ड्रायव्हरशेजारी. सातारा आल्यावर पास्टर म्हणाले, “उजवीकडं घ्या.”

ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, वाईला सरळ जायाचं. हायवे सोडायचाच न्हाई.”

“उजवीकडं. मला आतून तसं वाटतंय.”

मागून दानियल मास्तर म्हणाले, “पास्टर, मी पंचवीस वर्षं भूगोल शिकवलाय...” पास्टरांनी मान वळवली आणि पाठच असलेली ओळ म्हटली, की पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहावं, त्यांच्या अधीन असावं. झालं! भूगोल खाली बसला. गाडी उजवीकडं वळली.

कोरेगाव गेलं. वाठार गेलं. कृष्णा काही दिसेना. आत्या खिडकीशी बसून शेंगा सोलत होती आणि बाहेर बघत होती. शेवटी रेल्वेचं फाटक लागलं, कांद्याचा वास आला आणि पाटी दिसली: लोणंद.

पास्टर खाली उतरले. चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांना एकदम आठवलं. “आत्या, तुम्ही या भागात नोकरी केलीय ना? हा रस्ता माहीत नव्हता?”

“म्हाईत नसायला काय झालं? पाठ हाय की!”

“मग बोलला का नाहीत?”

आत्या म्हणाली, “मी अधीन हुते!”

सगळी गाडी फुटली हसून. आत्या तेवढ्यावर थांबती तर बरं होतं. पण तिनं पर्समधून छोटं बायबल काढलं. “त्याच ओळीत म्होरं हाय, पास्टर. पुढाऱ्यानं तुमच्या जिवाची राखण करायची आन् देवाला जाब द्यायचा. आमी आमचं अर्दं केलं. ऱ्हायल्यालं अर्दं तुमचं.”

आत्याची मुलगी लोणंदलाच दिलेली. एकोणीस माणसं तिच्या दारात उभी राहिली. तिनं पिठलं टाकलं, आम्ही डबे उघडले, मजेत जेवलो. पास्टर मात्र ताट घेऊन कोपऱ्यात पाठमोरे बसले. वाईचा घाट आम्ही अजून पाहिलेला नाही.

*

पुढचा किस्सा हसायचा नाही. निदान सुरुवातीला तरी.

पास्टरांनी निरोप धाडला, की आत्यानं सगळ्यांसमोर माफी मागावी. आत्या म्हणाली, “मी चुकीचं काय वाचलं तेवढं दावा. लगीच मागते.” ते काही दाखवता येईना. मग झेरॉक्समधली दुसरी ओळ निघाली: पृथ्वीवर तुम्ही जे बांधाल ते स्वर्गातही बांधलं जाईल. एका रविवारी नोटीस निघाली. शांताबाईंना ‘बांधण्यात’ येत आहे. माफी मागेपर्यंत कुणी त्यांच्या घरी जाऊ नये, त्यांना घरी बोलावू नये, त्यांच्या पंगतीला बसू नये. प्रभूभोजनातली भाकर आणि प्याला बंद.

मंडळीच्या नोटिसा सेक्रेटरी वाचतो.

मी वाचली. उभा राहून, स्वच्छ आवाजात वाचली. आत्या दुसऱ्या रांगेत बसली होती. तिनं पिशवी उचलली, पदर नीट केला आणि निघाली. दारात चपलांचा हा ढीग. तिला तिची जोडी लवकर सापडेना. ती वाकून शोधत होती आणि आत आम्ही सगळे गप्प बसून तो खडखडाट ऐकत होतो. एकही माणूस उठला नाही. मीसुद्धा! याची लाज मला आजही वाटते.

खूप नंतर ते पान मी नीट वाचलं. त्या ओळीच्या वर सरळ लिहिलंय, की भाऊ चुकला तर आधी एकट्यानं त्याच्याकडे जा. नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा. त्यानंतर मंडळी. आमचे पास्टर एकटे गेले नव्हते, दोघांना घेऊनही गेले नव्हते. आणि त्याच्याही वर चुकलेल्या मेंढराची गोष्ट आहे. शंभरातलं एक हरवलं म्हणून नव्व्याण्णव सोडून शोधायला निघालेला मेंढपाळ! इथं आम्ही नव्व्याण्णवांनी मिळून एकीला घालवलं.

आता हसायचं. माझी बायको रूथ रोज सकाळी डबा घेऊन जायची, आत्याच्या फाटकाला अडकवायची आणि परत यायची. पास्टरांना कळलं. त्यांनी विचारल्यावर रूथ म्हणाली, “मी घरात न्हाई गेले. त्यांना बोलवलंबी न्हाई. पंगतीलाबी न्हाई बसले. फाटकाला डबा अडकवला. फाटक कुठं बांधलंय तुमी?”

हे मंडळीतल्या बायकांच्या कानावर गेलं. आठवडाभरानं बघावं, तर फाटकाला अकरा डबे!

आत्यानं मला गल्लीच्या तोंडाशी गाठून लांबूनच ओरडून सांगितलं, “शमू, त्या बायांना आवर! बांधल्याचं काय न्हाई, पर खाऊन मरायची मी!” आणि पुढच्या महिन्यात घराला कुलूप लावून ती लेकीकडे लोणंदला गेली. फाटक रिकामं दिसायला लागलं. मी त्या गल्लीतून जायचं सोडून दिलं.

*

आमच्या वर्कशॉपचे मालक महावीर अण्णा. जैन माणूस, समडोळीकडची शेती, सूर्य मावळायच्या आत जेवण, आणि आवाज न चढवता माणसाला घाम फोडायची हातोटी.

एके दिवशी मी एका ऑपरेटरला झाडत होतो. दोनशे बुश, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या पोकळ नळ्या, रिजेक्ट! गड्यानं ड्रॉइंगवरचा व्यास तेवढा वाचला आणि मशीन चालू केलं. खालची टीप वाचलीच नाही. मी म्हटलं, “अर्धं ड्रॉइंग वाचून जॉब काढतोस? माप एकटं नसतं कधी! वरची टीप वाच, खालची टीप वाच, मग हात लाव!”

तेवढ्यात आमच्या गेटसमोर पास्टरांची गाडी बंद पडली. अण्णांनी चार माणसं धक्का मारायला पाठवली. मागच्या काचेवर मोठं स्टिकर: माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका. गाडी सुरू होऊन गेली. अण्णा तिकडं बघत म्हणाले, “शमुवेल, हे कुणी कुणाला म्हटलंय रं?”

मी म्हटलं, “देवानं.”

“ते झालं. पर कुणाला?”

मला येईना! जन्मापासून ख्रिस्ती, सेक्रेटरी, आणि ‘पास्टरला कुणी काही बोलू नये’ म्हणून ही ओळ शंभरदा ऐकलेली. अण्णांनी फक्त त्या दोनशे बुशांकडे बघितलं आणि आत गेले. मला घाम फुटला.

घरी जाऊन स्तोत्र उघडलं. चार ओळी वर गेलो. तिथं देवाची ती अभिषिक्त माणसं म्हणजे मूठभर लोक, परके, या मुलखातून त्या मुलखात भटकणारे, आणि वाटेतले राजे त्यांना त्रास देणारे. देव दम देतोय तो राजांना! पाठीशी उभा आहे तो भटकणाऱ्यांच्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हे अण्णांना सांगत होतो. शेजारी बिरू भाकरी खात होता. बिरू आमचा ड्रिलवरचा माणूस, जतकडचा धनगर. घास हातात धरून ऐकत राहिला.

“मंजी मेंढरं घिऊन हिंडणारी माणसं हुती ती?”

“हो रं. मेंढरं, तंबू, बायकापोरं.”

“आमचा आज्जा आसाच हिंडायचा. जिल्हा सोडून म्हैने म्हैने. कुटला पाटील वाड्यात बसाय द्यायचा न्हाई, कुटला मारायबी उटायचा.” बिरूनं घास तोंडात टाकला. “ह्यो देव आमच्या आज्ज्याच्या वळखीचा दिसतोय! ते स्टिकर माज्या सायकलीला मिळंल का?”

*

एवढं कळूनसुद्धा मी लगेच सुधारलो असं नाही हं! माझं डोकं लेथवर घट्ट बसवलेलं आहे.

रूथ म्हणाली, “मी रविवारी लोणंदला जाऊन येते. आत्यांचं बीपी वाढलंय.” मी सेक्रेटरी. रविवारी सेक्रेटरीची बायको गैरहजर, आणि तीही लोणंदला! मी घाबरलो. आणि घाबरलेल्या नवऱ्यानं करायचं ते केलं. म्हटलं, “शास्त्र काय म्हणतं? बायकांनो, आपापल्या नवऱ्याच्या अधीन असा.”

ती कणीक मळत होती. हात धुतले, पुसले, बायबल आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

“वाचा. त्याच्या वरची एक ओळ.”

वरची ओळ होती: एकमेकांच्या अधीन असा.

“आता खालचं वाचा. मोठ्यानं.”

खाली नवऱ्यांनी काय करायचं ते होतं. बायकोवर प्रेम करायचं, तिच्यासाठी स्वतःला द्यायचं, आपल्या अंगासारखं तिला जपायचं. मी वाचतोय, वाचतोय, संपेचना! रूथ बोटं मोजत उभी.

“माज्या वाटणीच्या तीन ओळी, तुमच्या वाटणीच्या नऊ,” ती म्हणाली. “माज्या तिन्ही मी पंचवीस वर्सं करत आले. तुमच्या नवातली एक आज करा. कणीक मळून ठेवलीय.”

रविवारी ती पहाटेच्या एसटीनं गेली. मी लाटलेल्या पोळ्या नकाशासारख्या झाल्या. आणि त्याच दिवशी ठरवलं, की बुधवारी आमच्या व्हरांड्यात बसायचं आणि नियम एकच: कुणीही सुटी ओळ म्हणायची नाही. वरच्या चार वाचा, खालच्या चार वाचा, मग तोंड उघडा. पहिल्या बुधवारी चौघं होतो. चौथ्या बुधवारी घरातल्या खुर्च्या पुरेनात.

नियमाचा अतिरेकही झाला. दानियल मास्तर तर लग्नपत्रिकासुद्धा खालून वर वाचायला लागले! मी एकदा रूथला म्हटलं, “तू कालच म्हणालीस, की मी चांगला माणूस आहे.” तर मास्तर लगेच, “वरच्या चार ओळी काय होत्या, वहिनी?” रूथ म्हणाली, “‘पर डोकं जरा कमी’ ही खालची हुती!”

*

आता विंचू.

त्या रविवारी पास्टर रंगात आले होते. विषय: सापविंचू तुडवण्याचा अधिकार. “शत्रूच्या सगळ्या सामर्थ्यावर तुम्हाला अधिकार दिलाय! काहीही तुम्हाला इजा करणार नाही!” असं म्हणून त्यांनी जोरात पाय आपटला. त्या आपटण्यानं व्यासपीठाखालची चटई हलली आणि खालून एक विंचू निघाला. चांगला बोटभर! नांगी वर करून तो पास्टरांच्या पायाकडं निघाला.

पास्टर एका उडीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. पुढच्या दोन रांगा बाकांवर. माईक खाली पडला आणि किंचाळायला लागला.

बिरू अण्णांच्या टेम्पोतून मंडळीला लागणाऱ्या जादा खुर्च्या घेऊन आला होता आणि दारात उभा राहून सगळं भाषण ऐकत होता. तो शांतपणे आत आला. पायातलं काढून हातात घेतलं, वर बघितलं आणि अदबीनं म्हणाला, “साहेब, अधिकार तुमचा. चप्पल माजी चालंल का?”

पहिल्यांदा कोण हसलं सांगू? पास्टर! खुर्चीवर उभे आणि हसतायत. दोन वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

त्या बुधवारी ते आमच्या व्हरांड्यात आले. कुणी बोलावलं नव्हतं. कडेच्या खुर्चीवर बसले. रूथनं बायबल पुढं केलं आणि त्यांनी विंचवाच्या खालची ओळ स्वतःच वाचली: अधिकार चालतो म्हणून आनंद करू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा आनंद करा.

सगळे गेल्यावर मला म्हणाले, “मी घाबरतो, ब्रदर. तुम्ही सगळे माझ्यापेक्षा मोठे. मास्तर शिकलेले, आत्यांनी अर्ध्या जिल्ह्याची बाळंतपणं केलेली. मी कशाच्या जोरावर उभा राहू? ती झेरॉक्स हातात असली की बरं वाटायचं.”

माझा राग तिथंच अर्धा उतरला. मी म्हटलं, “पास्टर, आत्याला परत बोलवा.”

“साताऱ्याच्या मोठ्या पास्टरांना विचारावं लागेल,” ते म्हणाले. “नोटीस त्यांना दाखवून काढली होती.”

*

मोठे पास्टर शनिवारी आले. सफारी सूट, दोन मोबाईल, सोबत तीच झेरॉक्स. पण लॅमिनेट केलेली!

कमिटीसमोर त्यांनी दाविदाची गोष्ट काढली. “शौल राजा दाविदाच्या जिवावर उठला होता. गुहेत तो दाविदाच्या हातात सापडला. तरी दाविदानं त्याला हात लावला? नाही! अभिषिक्त आहे म्हणाला. आणि तुम्ही एका बाईसाठी आपल्या पास्टरला जाब विचारता?”

दानियल मास्तरांनी चष्मा लावला. “वाचलं मी ते पान. दाविदानं हात लावला नाही, बरोबर. झग्याचं टोक कापलं. मग गुहेबाहेर येऊन सगळ्या सैन्यासमोर राजाला मोठ्यानं विचारलं, की माझा गुन्हा काय? आणि राजा रडला, गोड बोलला, तरी दावीद त्याच्याबरोबर घरी परत गेला नाही.”

“म्हणजे तुम्ही काय करणार?” मोठ्या पास्टरांनी विचारलं.

मास्तर म्हणाले, “आमच्याकडं कात्री नाही. बाकीचं सगळं करू!”

*

आता शेवटचा. हा सांगताना माझा आवाज जरा इकडंतिकडं होतो, तेवढं चालवून घ्या.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार. उपासनेनंतर प्रेमभोजन, म्हणजे सगळ्या मंडळीचं एकत्र जेवण. शेडच्या मागं सकाळपासून मटणाची पातेली चढलेली. संदेश मोठे पास्टर देणार होते. विषय त्यांनीच ठरवला: मिर्याम. देवानं नेमलेला पुढारी मोशे, त्याची ही थोरली बहीण त्याच्याच विरुद्ध बोलली, देव कोपला आणि तिच्या अंगावर कोड उठलं. हेतू उघड होता. जे चोरून लोणंदला जातात त्यांनी आज उभं राहून कबूल करावं, नाहीतर आत्यासारखं बाहेर बसावं. रूथनं माझा हात धरला होता. मी आदल्या रात्रीच ठरवलं होतं: दुसरी नोटीस निघाली तर मी ती वाचणार नाही, फाडणार. पण मला माझा भरवसा नव्हता.

शास्त्रभाग वाचायला आमचे पास्टर उभे राहिले. मोठ्या पास्टरांनी सांगितलं होतं: कोड उठलं तिथपर्यंत वाचा आणि थांबा.

पास्टर तिथपर्यंत आले. थांबले. मोठे पास्टर उठायला लागले.

पास्टरांनी पान धरून ठेवलं आणि पुढं वाचायला लागले.

मोशेनं देवाला हाक मारली, की देवा, हिला बरं कर. जी त्याच्याविरुद्ध बोलली, तिच्यासाठी तोच रडला. तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवलं. सातच दिवस. “आणि मिर्यामेला परत आत आणीपर्यंत,” इथं पास्टरांनी मान वर करून दुसऱ्या रांगेकडं बघितलं, “लोकांनी मुक्काम हलवला नाही.”

त्यांनी बायबल मिटलं आणि खाली बसले. व्यासपीठावरच्या खुर्चीवर नाही, आमच्यात येऊन, दुसऱ्या रांगेत.

मोठ्या पास्टरांनी संदेश दिला. काय दिला ते कुणाला आठवत नाही. शेवटी आशीर्वचनासाठी त्यांनी हात वर केले. आशीर्वादाला मंडळी उभी राहते, ही आमची जन्माची सवय. कुणीच उभं राहिलं नाही! त्यांना वाटलं ऐकू आलं नसेल. “मंडळीनं उभं राहावं.” कुणी हललं नाही. दानियल मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले, “मुक्काम हलवायचा नाही ना, पास्टर?”

आमच्या पास्टरांनी खिशातून फोन काढला. स्पीकरवर टाकला.

“हॅलो, कोन?”

“आत्या, मी.”

“मी कोन?”

“पास्टर.”

“काय वचन काढलंय आता?”

“वचन नाही, आत्या. माझं चुकलं. या परत.”

मागं पातेल्याचं झाकण वाजलं, ते फोनवरही ऐकू गेलं असणार.

“जेवला का समदी?” आत्यानं विचारलं.

“नाही. तुम्ही आल्याशिवाय कुणी उठायला तयार नाही.”

“आवं, मी लोणंदात हाय! मला यायला संध्याकाळ व्हईल! पोरंबाळं उपाशी ठेवता व्हय?”

रूथ ओरडली, “पोरांना वाढतो! तुमी निगा!”

आत्या दुपारच्या गाडीत बसली. मुलांची पंगत झाली, ती खेळायला पळाली. आम्ही बसून राहिलो. बारा वाजले, एक वाजला, तीन वाजले. कुणी गाणी म्हटली, कुणी पेंगलं. बायकांनी रस्सा दोनदा गरम केला. साडेतीनला मोठ्या पास्टरांनी रूथला हळूच विचारलं, “मला तरी वाढता का?” रूथ म्हणाली, “वाढते की. पर एकटंच बसावं लागंल.” तेही बसून राहिले. मी ताठ बसलो होतो. इतक्या महिन्यांत मी एकदाही आत्याला फोन केला नव्हता. ती आली आणि माझ्याकडं बघितलंच नाही, तर?

पास्टर गाडी घेऊन सांगली स्टेशनला गेले होते. पाचला गाडी गेटातून आत आली. आत्या उतरली. वाळली होती जरा. हातात तीच पिशवी. ती दारात आली आणि आशीर्वादाला न उठलेली सगळी मंडळी एकदम उभी राहिली.

आत्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली. सुकलेले चेहरे, घामेजलेले सदरे, पेंगुळलेले मास्तर.

“मिर्याम सात दिवस थांबली हुती,” ती म्हणाली. वाटेत पास्टरांनी तिला सगळं सांगितलं असणार. “तुमी पाच तासांतच आशी दिसाय लागला?”

कुणी हसलं, कुणी रडलं, मला काहीच जमलं नाही. मी पुढं झालो आणि पिशवीला हात घातला. आत्यानं पिशवी माझ्या हातात दिली, माझ्याकडं नीट बघितलं आणि दोन बोटांनी माझी कॉलर सरळ केली. लहानपणी शाळेत जाताना करायची तशी.

“बगतुयास काय, शमू? वाढ की. आन् आदी त्या पास्टरला वाढ. लेकराचं तोंड बग कसं उतरलंय.”